सव्वातीन फुटांच्या बोळातून चौदा फुटांची होडी

१२ एप्रिल २०२५, शनिवार, हनुमान जयंती. संध्याकाळी देवळात पोचायची घाई होती, म्हणून होडी धक्क्याच्या पायरीला अगदी लगटून बांधली आणि दोरीला नेहमीची ढील दिली नाही. पौर्णिमेच्या उधाणाला पाणी किती चढतं-उतरतं हे गोव्यात शापोरा नदीकाठी वाढलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. तरी चुकलो. रात्री पाणी चढलं, पहाटे सुकतीला उतरलं, आणि आखूड दोरीने होडी पायरीवरच अडकून कलंडली. रविवारी सकाळी जाऊन पाहतो तर उजवी कूस चिऱ्याच्या कोपऱ्यावर टेकलेली. त्या पायऱ्यांवर कालवं धरलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. कुशीला वीतभर लांब तडा आणि तड्याच्या मधोमध दोन रुपयांच्या नाण्याएवढं भोक.

होडी फायबरची, म्हणजे काचेच्या धाग्यांचे थर रेझिन नावाच्या घट्ट होणाऱ्या द्रवाने जोडलेली. लांबी चौदा फूट, रुंदी साडेचार फूट, मागे लावायला ५ अश्वशक्तीचं इंजिन. वडिलांनी जुनीच विकत घेतली होती. ते २०२३ मध्ये गेले. आमच्या आगरवाड्यात बऱ्याच घरांचं पोट पूर्वी मिठागरांवर आणि नदीवर चालायचं. मी म्हापशाला नोकरी करतो, होडीचा उपयोग रविवारी गळ टाकण्यापुरता. चोणोक मासा लागला तर दिवस सोन्याचा, नाहीतर साधे शेवटे मासे. सांगायचा मुद्दा, मी यातला कारागीर नाही. मला जे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, तेच खाली लिहितो आहे.

पहिलं काम म्हणजे नुकसान किती आहे ते ठरवणं. डोळ्यांना दिसलं वीतभर. मग एका खारव्याने सांगितल्याप्रमाणे नाण्याने कुशीवर टकटक करत गेलो. धड फायबर टणक वाजतं, आतले थर सुटलेले असले की आवाज बसका येतो. बसक्या आवाजाभोवती खडूने रेघ ओढली तेव्हा ते वर्तुळ तड्याच्या दुप्पट निघालं. पोटात गोळा आला. होडी कुणाला न दाखवता विकून टाकावी असा विचार त्या दुपारी मनात येऊन गेला, हे कबूल करतो.

फायबरचं काम करणाऱ्या एकाला बोलावलं. त्याने ८,५०० रुपये सांगितले आणि मेच्या पहिल्या आठवड्यात येतो म्हणाला. मग फोन उचलेनासा झाला. त्याच्या बाजूनेही बघायला हवं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्या ६१ दिवसांत ट्रॉलर दुरुस्तीला लागतात आणि त्यांची तयारी मेपासूनच सुरू होते. माझ्या वीतभर तड्यासाठी मोठं गिऱ्हाईक कोण सोडेल? ज्यांना कारागिराकडून करून घ्यायचं आहे त्यांनी शिगमा आटोपला की लगेच बोलून ठेवावं.

दोन आठवडे वाट पाहून मी स्वतःच करायचं ठरवलं. पण करायचं कुठे? एरवी पावसाळ्यात होडी एका मित्राच्या मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या शेडमध्ये, राहायची. त्याने आदल्या वर्षी मांगर पाडून तिथे भाड्याच्या खोल्या बांधल्या. किनाऱ्याजवळच्या गावांत आता मांगर शिल्लक आहेत कुठे? म्हणजे होडी आमच्याच परसात आणायची, तिथेच दुरुस्त करायची आणि तिथेच पावसाळाभर ठेवायची.

परसू सतरा फूट बाय तेरा फूट. त्यात विहीर, कपडे धुवायची फातर आणि तीन माड. तिथे जायला वाट एकच, आमचं घर आणि शेजारच्या काकांचं कुंपण यांच्यामधला बोळ. रुंदी सव्वातीन फूट.

कागदावर हिशोब सोपा होता. होडी आडवी साडेचार फूट, पण खोली दोन फूट आणि मागची फळी त्याहून दोन इंच जास्त. कुशीवर उभी केली की सव्वादोन फुटांत मावते. २७ एप्रिलच्या रविवारी मी आणि भावोजींनी बांबूंचा होडीच्या मापाचा सांगाडा बांधला आणि तो बोळातून फिरवून पाहिला. ही युक्ती सगळ्यांनी वापरावी. होडी हलवायच्या आधी सांगाडा हलवावा, त्याचं वजन काहीच नसतं आणि अडचण कुठे आहे ते लगेच कळतं. आम्हाला कळलं ते असं, की बोळ संपला की समोर अकरा फुटांवर विहिरीचा कठडा आहे, आणि होडी चौदा फूट. तिचं मागचं बूड बोळातून सुटल्याशिवाय ती वळणार नाही. म्हणजे नाळ, होडीचं पुढचं टोक, तीन फूट विहिरीवर जाणार.

कुंपणापलीकडून काका हे सगळं पाहत होते. म्हणाले, "माप घेतलंस तें होडीचें काय बांबूंचें?"

मी हसलो. ते का हसले नाहीत, ते मला पुढच्या रविवारी कळलं.

मधल्या दिवसांत कागदांचंही काम काढलं. होडीची नोंद अजून वडिलांच्या नावावर होती आणि ती माझ्या नावावर करायची होती. तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला अर्ज परत आला, कारण मी मापं फुटांत लिहिली होती, कार्यालयाला मीटर हवे होते. ४.२७ आणि १.३७ असं लिहून दुसऱ्यांदा गेलो, तर सही करणारे रजेवर. आमच्या जुन्या कागदावर नदी-खाडीतल्या बोटींच्या १९१७ च्या कायद्याचा उल्लेख, नव्या अर्जावर २०२१ च्या. २०२१ चाच कायदा आता लागू, त्यामुळे जुन्या अर्जाची झेरॉक्स भरून नेऊ नका. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, कागद हातात पडला जुलैत. मृत्यूचा दाखला, भावंडांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र आणि होडीचे दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो यांच्या दोन-दोन प्रती घरातूनच नेल्या तर एक खेप वाचते. फोटो नुकसानीच्या आधीचा आणि दुरुस्तीनंतरचा असे दोन्ही ठेवावेत, कुणी विचारलं तर बोलायला सोपं जातं.

४ मे, रविवार. भरतीला होडी उतरत्या धक्क्यावर लावली, इंजिन काढलं, टेंपोत चढवली. टेंपोचे १,८०० रुपये. दारात उतरवली तेव्हा सकाळचे साडेनऊ. आम्ही सहाजण: मी, भावोजी, चुलतभाऊ, त्याचा मुलगा आणि वाड्यावरचे दोघे मुलगे. होडीचं वजन सव्वाशे-दीडशे किलो असेल. सहाजणांना उचलायला काहीच नाही, पण बोळात सहाजण मावत नाहीत. होडीच्या बाजूला एकही माणूस उभा राहू शकत नाही. दोघे पुढून ओढणार, दोघे मागून ढकलणार, उरलेले नुसते ओरडणार.

खाली केळीचे गाभे आडवे टाकले आणि त्यांवर पाणी मारलं. डावी कूस खाली, जखमी कूस वर. पहिले दहा फूट लोण्यासारखी गेली. मग खटकन थांबली. मागून ढकललं, पुढून ओढलं, हलेना. मी जमिनीवर झोपून बघितलं तर वल्हं अडकवायची लोखंडी कडी काकांच्या न्हाणीघराच्या पाइपच्या पट्टीत अडकली होती. कडी काठाच्या चार इंच बाहेर येते. सांगाड्याला कड्या नव्हत्या.

काका कुंपणावर हात ठेवून म्हणाले, "पयलीं माप घे, मागीर होडी हाड." म्हणजे आधी माप घे, मग होडी आण. आम्ही घरात कोकणी बोलतो आणि लिहितो मराठीत, पण काही वाक्यं आहेत तशीच ठेवावी लागतात.

होडी तशीच उभी ठेवून बोळात आडवं पडून, एका हाताने पाना फिरवत कडी काढायला पाऊण तास गेला. नट गंजून बसले होते, त्यांवर तेल सोडलं. पाइपची पट्टी तुटली, ती दुसऱ्या दिवशी मी नवी बसवून दिली. कड्या, काठावरचे हूक, बुचाची साखळी, बाहेर आलेलं जे काही असेल ते होडी दारात उतरवल्यावर आधी काढून घ्यावं.

विहिरीपाशी मला खरी भीती वाटली. नाळ कठड्यावर चढवली, खाली जुना टायर दिला आणि हळूहळू पुढे सरकवली. शेवटचे तीन फूट होडी विहिरीवर लटकत होती. मी दुसऱ्या बाजूने नाळेची दोरी माडाला एक वेढा देऊन धरून होतो. खाली वाकून पाहिलं तर पाण्यात होडीचं पांढरं टोक दिसत होतं, आणि त्याच्या मागे माझं तोंड. मे महिना, पाणी खोल गेलेलं. दोरी सुटली असती तर पावसाळ्यापर्यंत आम्ही होडीचंच पाणी प्यायलो असतो. मागचं बूड बोळाच्या कोपऱ्यातून सुटलं तेव्हा चुलतभावाने "गणपती बाप्पा" म्हटलं आणि काकांनी कुंपणापलीकडून "मोरया". वाड्यावरच्या मुलग्यांना पाचशे-पाचशे आणि सगळ्यांना पाव-भाजी. वाजले होते दीड.

ज्याला मी घाबरलो होतो ते दुरुस्तीचं काम त्यामानाने शांतपणे झालं. एकच अट, फायबर आतून कोरडं हवं. होडी उलटी करून उन्हात ठेवली. आठवड्याने पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा तड्यावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवला. संध्याकाळी आतून थेंब धरलेले दिसले, म्हणजे अजून ओल आहे. पुन्हा चार दिवस ऊन दिलं. दुसऱ्या वेळी प्लॅस्टिक कोरडं निघालं.

घासण्याचं काम मात्र वाईट. ग्राइंडर भाड्याने आणला, दिवसाचे २०० रुपये. फुटलेलं सगळं काढून टाकायचं, टकटक केल्यावर टणक आवाज येईपर्यंत. मग भोकाच्या कडा उतरत्या करायच्या. जाडीच्या बारा पट उतार, असा साधारण हिशोब. माझं फायबर पाच मिलीमीटर जाड, म्हणून भोवती सहा सेंटीमीटर उतार घासला. दोन रुपयांच्या नाण्याचं भोक शेवटी बशीएवढं दिसायला लागलं. तेव्हा धीर सोडू नये, ते तसंच दिसतं. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. तरी मनगटावर धूळ बसली आणि रात्रभर खाजकुयली लागल्यासारखं झालं. गरम पाण्याने आंघोळ केली ही आणखी एक चूक. गार पाण्यानेच करावी आणि खाजेल तिथे चिकटपट्टी लावून ओढावी, बारीक काचेचे कण तिच्यासोबत निघतात. बायकोने त्या दिवशीचे कपडे घराच्या कपड्यांत धुवायला साफ नकार दिला, आणि तिचं बरोबर होतं.

सामान म्हापशाला शुक्रवारच्या बाजारादिवशी घेतलं. दोन किलो पॉलिएस्टर रेझिन ४६०, एक किलो काचेची मॅट (चौरस मीटरला ४५० ग्रॅमची) १९०, अर्धा किलो जेलकोट (सर्वांत वरचा रंगीत थर) २४०, एक लिटर अ‍ॅसिटोन १७०. रेझिन घट्ट करणाऱ्या कॅटलिस्टची छोटी बाटली रेझिनबरोबरच मिळाली. दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारावा: रेझिनमध्ये कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) आधीच घातलंय का? माझ्या रेझिनमध्ये होतं. सुटं दिलं तर कोबाल्ट आणि कॅटलिस्ट एकमेकांत कधीही थेट ओतू नये, भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच दुसरं.

१७ मे, शनिवार. हवा दमट आणि पारा चौतिशीला. पहिला घाणा मी करवंटीत कालवला, दीडशे ग्रॅम रेझिन, आणि कॅटलिस्ट अंदाजाने "थोडं जास्त". नऊ मिनिटांत करवंटी हाताला चटका देऊ लागली, धूर निघाला आणि आतलं रेझिन पिवळ्या दगडासारखं झालं. कॅटलिस्ट रेझिनच्या एक ते दोन टक्केच घालावं, तेही इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून. उकाड्यात एक टक्का पुरतो. आणि खोलगट करवंटी नको, पसरट भांडं घ्यावं. खोल भांड्यात ते स्वतःच्याच उष्णतेने पेटतं.

दुसरा घाणा जमला. आतून भोकावर प्लॅस्टिक गुंडाळलेला पुठ्ठा चिकटवला, बाहेरून अ‍ॅसिटोनने पुसलं, ब्रशने रेझिनचा हात फिरवला आणि मॅटचे चार तुकडे एकावर एक बसवले. सर्वांत मोठा तुकडा आधी, मग क्रमाने लहान. कारागीर उलटं करतात असंही ऐकलं. मला मोठा आधी हे पटलं, कारण तो घासलेल्या सगळ्या भागाला धरतो आणि नंतर वरून घासताना कापले जातात ते वरचे लहान. ब्रश ओढायचा नाही, ठोकायचा. ओढला की मॅटचे धागे ब्रशबरोबर येतात. ठोकत गेलं की मॅट पांढरीची पारदर्शक होत जाते आणि हवेचे बुडबुडे कडेला पळतात. ते बघत बसावं असं काम आहे. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा काढून आतून दोन थर दिले.

आता जेलकोट राहिला. २० मेपासून पाऊस धरला तो धरलाच. गोव्यात मान्सून एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, २०२५ मध्ये तो २५ मेलाच आला. भिजलेल्या फायबरवर जेलकोट लावणं म्हणजे पैसे पाण्यात. दहा-बारा दिवस मी रोज सकाळी ताडपत्रीचं टोक उचलून आत बघायचो आणि पुन्हा सोडून द्यायचो.

त्याच दिवसांत पत्र्याची कायमची शेड घालायचा विचार आला. पंचायतीत विचारलं. उत्तर असं, की कायमची शेड म्हणजे बांधकाम, आणि नदीकाठी सीआरझेड (किनारी भागातल्या बांधकामाचे नियम) लागतो, परवानगी काढावी लागेल. खांब रोवायचे नसतील आणि ताडपत्री काढता येण्यासारखी असेल तर प्रश्न नाही. घर काठाला असेल त्यांनी पत्रे विकत घेण्याआधी विचारून घ्यावं.

जूनच्या सुरुवातीला पाऊस ओसरला. ७ जूनला, शनिवारी, दुपारी दोन तास ऊन पडलं. घासलेला भाग आधीच ८० आणि मग १२० नंबरच्या सँडपेपरने सपाट करून ठेवला होता. जेलकोट लावला आणि त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद हवा न राहता बसवला. हवा लागली तर जेलकोटचा वरचा थर चिकटच राहतो. संध्याकाळी कागद सोलला तर खाली काचेसारखं. रंग मात्र जुळला नाही. दुकानातला पांढरा दुधासारखा, होडीचा पांढरा जुन्या दातांसारखा. ठिगळ लांबूनही दिसतं.

मास्क, हातमोजे, चकत्या, पेपर यांचे ६२० आणि ग्राइंडरचे दोन दिवसांचे ४०० धरून दुरुस्ती २,०८० रुपयांत झाली. ठेवण्याचा खर्च त्याहून जास्त, तो असा. टेंपो आणि मुलग्यांचे पैसे वर सांगितलेच. अठरा बाय बारा फुटांची ताडपत्री १,८५०. आणि पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ काढणारा, तीन माडांचे ४५०. हे ४५० अजिबात वाचवू नयेत. नारळ आणि सुकी चुडतं (झावळ्या) पावसाआधी काढली नाहीत तर जुलैच्या वाऱ्यात ती पडणार, आणि पडणार ती होडीवरच.

होडी मागच्या कुंपणाला लावून उलटी ठेवली. खाली चिरे, चिऱ्यांवर माडाचे दोन वासे, वाशांवर टायरचे तुकडे. जमिनीपासून सव्वा फूट वर, म्हणजे वारा खेळतो आणि झाडू फिरवता येतो. नाळेकडे चार बोटं उतार. ताडपत्री होडीला चिकटू द्यायची नाही. मधे बांबू बांधून तंबूसारखी केली, दोन्ही टोकं उघडी. पहिल्या आठवड्यात ती घट्ट गुंडाळली होती तर आत बुरशीचा वास यायला लागला. दोऱ्या जमिनीत ठोकल्या नाहीत, चिऱ्यांना बांधल्या. ताडपत्रीच्या घडीत पाणी साचतं. आरोग्य केंद्राची बाई डासांच्या तपासणीला आली तेव्हा तिने सरळ तिथेच बोट दाखवलं. तेव्हापासून दर पावसानंतर खालून काठीने एक दणका.

इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून धुतलं आणि टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढलं. आताच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, चार महिने तसंच ठेवलं तर कार्ब्युरेटर गेला. इंजिन उभं टांगून ठेवलं, पडवीत.

विहिरीकडे जायला अडीच फुटांची वाट उरली. बायको म्हणाली, घागर घेऊन जाताना कोपर होडीला लागतं. आठवड्याने तिनेच ताडपत्रीच्या बांबूला कपड्यांची दोरी बांधली. ऑगस्टमध्ये खाली मांजर व्याली. चवथीला आलेल्या पाहुण्यांची पोरं त्या तंबूतच जेवली.

१४ सप्टेंबरला होडी बाहेर काढली. या वेळी कड्या आधीच काढून खिशात, केळीचे गाभे तयार, काका कुंपणावर. अर्ध्या तासात दारात. पाण्यात सोडली, तासभर तशीच बांधून ठेवली, दोरीला भरपूर ढील देऊन. मग आत जाऊन ठिगळावर आतून हात फिरवला, कोरडं. पण बुडाशी दोन चमचे पाणी होतं. स्पंजने टिपलं, पुन्हा आलं. अर्धा तास शोधल्यावर सापडलं, तळाच्या बुचाचं रबर उन्हात चिरलं होतं. म्हापशाला नवं बूच ६० रुपयांना मिळालं.